हृदयाचं ऑपरेशन झालं, मग तक्रार पोटाची का?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं वय 66. आठ दिवसांपूर्वी बायपास झाली. सर्जन म्हणतात हृदय छान चालतंय. पण पोट फुगलेलं असतं, पहिले चार दिवस शौचाला झालंच नाही, जेवणाचा वाससुद्धा नको वाटतो. तिसऱ्या दिवशी सीआरपी (अंगातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) 160 होता, आता 70 आहे. हृदयाच्या ऑपरेशननंतर आतडं ‘गळतं’ आणि त्यातून अंगभर दाह पसरतो असं वाचलं. हे खरं आहे का? प्रोबायोटिक सुरू करू का?

मी हृदयशस्त्रक्रियेसाठी भूल देतो आणि पुढचे काही दिवस त्याच पेशंटांना आयसीयूत सांभाळतो. वीसेक वर्षं हेच चाललंय. आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे: 160 वरून 70 वर आलेला सीआरपी ही चांगली खूण आहे, आणि आठव्या दिवशी भूक नसणं फार म्हणजे फारच नेहमीचं. तुम्ही वाचलंत त्यातलं बरंचसं खरं आहे. त्यावर उपाय म्हणून जे सुचवलं जातं, त्याबद्दल मात्र मी तेवढा उत्साही नाही.

एक गोंधळ आधी मिटवू. आपण ‘बायपास’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीला पायातली किंवा छातीतली रक्तवाहिनी जोडून काढलेली वळणवाट. दुसरी म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय आणि फुप्फुसं या दोघांना बाजूला ठेवून रक्त यंत्रातून फिरवणं. आम्ही त्याला नुसतं ‘पंप’ म्हणतो. पोटाच्या गोष्टीत जास्त महत्त्वाचा आहे तो हा दुसरा बायपास, आणि तो झडप बदलताना किंवा जन्मजात छिद्र बुजवतानाही लागतो. जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात 18 वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र अशा यंत्राच्या मदतीने बंद केलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. यंत्र खूप सुधारलं, पण रक्ताचा स्वभाव कुठे बदलणार?

रक्ताला जन्मापासून एकच पृष्ठभाग ठाऊक असतो, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर. पंपावर गेल्यावर ते मीटरभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून, रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरच्या बारीक तंतूंमधून, फिल्टरमधून वाहू लागतं. आधी हेपारिन देतो म्हणून ते गोठत नाही. पण रक्तातल्या इतर संरक्षक साखळ्या हेपारिनला जुमानत नाहीत. कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं काही मिनिटांत जागी होतात, पांढऱ्या पेशी चिकट होतात, प्लेटलेट्स खर्ची पडतात. शरीराच्या लेखी हा परक्याचा हल्ला असतो आणि ते साप साप म्हणून भुई धोपटू लागतं. हाच तो दाह. छातीत साचलेलं रक्त शोषून परत यंत्रात घेतलं तर त्यात हे सगळं आणखी पेटलेलं असतं. शेवटी हेपारिनचा परिणाम घालवायला प्रोटामिन द्यावं लागतं, आणि हेपारिन-प्रोटामिनची जोडगोळी कॉम्प्लिमेंटला पुन्हा एकदा डिवचते. शिवाय उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड, कापलेली असते, ती जखम आहेच. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीवर, म्हणजे महारोहिणीवर, ऑपरेशनपुरता लावलेला चिमटा (क्लॅम्प) काढला की तासभर उपाशी राहिलेल्या हृदयाला एकदम ऑक्सिजन मिळतो, आणि त्या धांदलीतही पेशी दुखावतात.

हा झाला दाहाचा पहिला उगम. आतडं दुसरा. आणि खरं सांगायचं तर मला जास्त विचार करायला लावतं ते आतडंच.

माणूस शांत पडलेला असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा आतडी, यकृत, प्लीहा या मंडळींकडे जातो. शरीरावर संकट आलं की पहिली कात्री इथेच लागते. मेंदू आणि हृदय जपायचं तर पचन थांबलं तरी चालेल, असा तो जुना हिशेब आहे. पळताना, रक्तस्राव होताना तो उपयोगी पडतो. पंपावर असताना तोच हिशेब आतड्याच्या अंगाशी येऊ शकतो. यंत्राचा प्रवाह ठरावीक असतो, शरीराच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला साधारण 2.2 ते 2.4 लिटर. त्यात बहुधा नाडीचा ठोका नसतो, रक्त पातळ झालेलं असतं, अंग थोडं गार केलेलं असतं. समोर मॉनिटरवर सरासरी रक्तदाब 65 दिसतो आणि आम्ही खूष असतो. तो आकडा मनगटातल्या रोहिणीचा असतो. आतड्याच्या भिंतीत काय चाललंय हे दाखवणारा मॉनिटर रोजच्या वापरात नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये पोटाकडे कुणी बघत नाही. ते हिरव्या कापडाखाली झाकलेलं असतं.

आतड्याची रचनाही अशी, की टंचाई झाली तर पहिला फटका नेमक्या नाजूक जागी बसतो. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, आणि अन्न शोषलं जातं ते त्यांच्यावरच्या पेशींमधून. प्रत्येक उंचवट्यात मधून रोहिणी वर चढते आणि तिला खेटून नीला खाली उतरते. वर जाणाऱ्या रक्तातला काही ऑक्सिजन शेंड्यापर्यंत पोचायच्या आधीच शेजारच्या नीलेत झिरपून जातो. एरवी त्याने बिघडत नाही. प्रवाह मंदावला की झिरपायला जास्त वेळ मिळतो आणि शेंडा कोरडा राहतो. कालव्याचं पाणी कमी सुटलं की शेवटच्या टोकाचं शेत आधी करपतं, तसंच हे.

शेंड्याच्या पेशी दुखावल्या की दोन पेशींमधले सांधे सैल होतात. ‘गळतं आतडं’ म्हणतात ते हेच. पण त्याचा अर्थ भोक पडलं असा मुळीच नाही. आतड्याच्या पोकळीत अब्जावधी जिवाणू असतात. त्यांच्या कवचाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, सैल झालेल्या सांध्यांमधून रक्तात शिरतात. पंपाच्या वेळी आणि त्यानंतर रक्तात एंडोटॉक्सिन सापडतं, आतड्याच्या अस्तरातून सुटलेली प्रथिनंही सापडतात; हे अनेकांनी मोजून दाखवलंय. यकृत त्यातलं बरंचसं गाळून टाकतं, पण तेही त्या दिवशी अर्ध्या पगारावर काम करत असतं. उरलेलं एंडोटॉक्सिन आधीच खवळलेल्या पांढऱ्या पेशींना आणखी चेव आणतं. त्या सायटोकाइन (दाहाचे निरोप पोचवणारी प्रथिनं) सोडतात, केशवाहिन्या झिरपू लागतात, आतड्याच्या भिंतीला सूज येते, सुजेमुळे तिथला रक्तपुरवठा आणखी मंदावतो. एका बाजूने आतडं दाहाचं बळी, दुसऱ्या बाजूने दाहाला सरपण पुरवणारं.

ज्यांचं हृदय ऑपरेशनच्या आधीच कमजोर होतं, त्यांच्यात ही गोष्ट आधीच सुरू झालेली असते. उजव्या बाजूचा दाब वाढला की नीलांमध्ये रक्त तुंबतं, आतड्याची भिंत महिनोन्‌महिने सुजलेली राहते. पायाला सूज आली की घरच्यांना दिसते, आतड्याची कुणाला दिसणार? जेवायला बसलं की दोन घासांत पोट भरणं, ढेकर, अपचन, वजन घटणं अशा तक्रारी घेऊन माणूस महिनाभर अॅसिडिटीच्या गोळ्या खातो आणि मग कळतं की मूळ हृदयात आहे.

आता समाधानाची बाजू. आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. शरीरातल्या सगळ्यात वेगाने नव्या होणाऱ्या पेशींमध्ये त्याचा नंबर लागतो. म्हणून बहुतेक पेशंटांमध्ये ही सगळी भानगड काही तासांत शिखर गाठते आणि काही दिवसांत आपोआप निवते. कुणी काही केलं म्हणून नव्हे. रक्तपुरवठा परत आला, एवढंच पुरतं.

मग दाह दाबून टाकणारं औषधच का देत नाहीत? दिलं होतं. तर्क इतका सरळ होता की आमच्यातल्या कित्येकांना उत्तर आधीच माहीत असल्यासारखं वाटायचं. 2012 साली सुमारे 4,500 पेशंटांवर डेक्सामिथॅसोनचा आणि 2015 साली सुमारे 7,500 पेशंटांवर मिथाइलप्रेडनिसोलोनचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला; दोन्ही दाह दाबणारी स्टेरॉइड्स. मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती यांत ठोस घट दिसली नाही. पंपच टाळला तर? धडधडत्या हृदयावर बायपास करता येते, काही सर्जन ती उत्तम करतात. 2012 मध्ये जवळपास 4,750 पेशंटांत तुलना झाली. तीस दिवसांनी मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक आणि डायलिसिसची वेळ येणं या गोष्टींच्या एकत्र मोजणीत दोन्ही बाजू जवळपास सारख्याच निघाल्या. पंप नसला तरी छाती उघडलेली असते, हृदय उचलून धरताना रक्तदाब कोसळतो, आतडं त्याही वेळी उपाशी राहतं. या अभ्यासांनी माझी एक खोड मोडली. दाह म्हटलं की तो विझवायला धावायचं नसतं, कारण जखम भरून आणणारी यंत्रणाही तीच आहे.

म्हणून सीआरपीचा आकडा बघताना जरा सबुरी हवी. इंटरल्यूकिन-6 नावाचा सायटोकाइन ऑपरेशननंतर काही तासांत शिगेला पोचतो, त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं, आणि सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर असतो. 150 ते 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर इतका वाढलेला मी निव्वळ सुरळीत पेशंटमध्ये असंख्य वेळा पाहिलाय. एरवी निरोगी माणसात तो 5 च्या आत असतो, त्यामुळे रिपोर्टवर लाल अक्षरं बघून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. आकड्यापेक्षा उतार बघा. तुमच्या वडिलांचा उतरतोय. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर उतरलेला सीआरपी पुन्हा चढू लागला, तर मात्र आम्ही जखम, छाती, लघवी, नीलेतल्या नळ्या आणि पोट या सगळ्यांची झडती घेतो.

चार दिवस शौच न होण्याला एवढं मोठं शास्त्र लागत नाही. ऑपरेशनच्या आधीपासून पोटात काही नव्हतं, माणूस झोपून होता, आणि वेदनेसाठी अफूच्या कुळातली औषधं दिली होती. या औषधांना धरून ठेवणाऱ्या जागा मेंदूत असतात तशाच आतड्याच्या भिंतीतही असतात, त्यामुळे दुखणं थांबतं तसं आतडंही थांबतं. त्यात पोटॅशियम कमी, लघवीच्या गोळ्यांनी शरीर कोरडं, रक्त वाढावं म्हणून लोहाच्या गोळ्या. चौथ्या दिवशी पोट साफ झालं नाही यात नवल नाही. पॅरासिटामॉलच्या जोडीने अफूजन्य औषधाची मात्रा कमी ठेवणं, लवकर उठवून चालवणं, लवकर तोंडाने खायला देणं आणि पहिल्या दिवसापासून सौम्य रेचक देणं या चार साध्या गोष्टींनी जितकी पोटं मोकळी झालेली मी पाहिली, तितकी कुठल्याही महागड्या औषधाने नाही. कुंथायला मात्र देऊ नका. हाडाला टाके आहेत, आणि कुंथताना रक्तदाब वरखाली होतो.

भूक न लागणं आणि तोंडाची चव जाणं यांत सायटोकाइनचा हात आहेच. तापात जेवण नकोसं होतं, त्याचाच हा लांबलेला प्रकार. तीन-चार आठवडे तो रेंगाळू शकतो. ताट वाढून समोर ठेवण्याऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या आणि त्यात प्रथिनं येतील असं बघा. आग्रह करू नका. आजारी माणसाला आग्रहाने भरवणाऱ्या नातेवाइकांशी माझं दर आठवड्याला एकदा तरी वाजतं.

प्रोबायोटिक? प्रतिजैविकं आणि आजारपण यांनी आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची वस्ती विस्कटते हे खरं. ब्युटिरेट बनवणारे जिवाणू, ज्यांच्यावर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसतं, ते अशा वेळी कमी होतात. पण बाटलीतले चार-दोन प्रकारचे जिवाणू गिळले की हृदयाच्या ऑपरेशननंतरचा दाह कमी होतो, असं म्हणायला भक्कम आधार नाही. आणि मानेच्या नीलेत नळी असलेल्या, नवी कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला जिवंत जिवाणू देताना मी तरी कचरतो, कारण क्वचित का होईना ते रक्तात सापडल्याची उदाहरणं आहेत. तुमच्या डॉक्टरांनी दिलं असेल तर घाबरू नका, स्वतःहून सुरू करू नका. पोट झेपेल तसा तंतुमय आहार हळूहळू वाढवणं हे त्या जिवाणूंचं खरं खाद्य आहे.

झडप बदललेल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्या माणसाचं जेवण कमी झालं आणि त्यात प्रतिजैविकं सुरू असली, की आहारातून आणि आतड्यातल्या जिवाणूंकडून मिळणारं ‘के’ जीवनसत्त्व घटतं. गोळी तीच, मात्रा तीच, तरी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, भलताच वर जातो. भूक मेली असेल त्या आठवड्यात आयएनआर जास्त वेळा तपासून घ्या.

झडपेवरून आठवलं. हृदयाच्या ऑपरेशनने आतड्याचं भलंही होतं. महारोहिणीची झडप आखडली की त्या फटीतून जोरात जाणाऱ्या रक्तातलं, रक्तस्राव थांबवायला लागणारं व्हॉन विलेब्रँड नावाचं प्रथिन तुटतं, आणि आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून पुन्हा पुन्हा रक्तस्राव होतो. एडवर्ड हाइड यांनी 1958 मध्ये या जोडीकडे लक्ष वेधलं होतं. अशा कित्येकांचा पोटातला रक्तस्राव झडप बदलल्यावर थांबतो.

आता ज्याची आम्हाला खरी धास्ती असते ते. आतड्याचा रक्तपुरवठा इतका तुटतो की भिंतच मरू लागते, असं हृदयशस्त्रक्रियेनंतर शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होतं. पण झालं, तर निम्म्याहून अधिक दगावतात. कधी महारोहिणीच्या भिंतीवरचा चुन्यासारखा थर क्लॅम्प लावताना सुटून आतड्याच्या रोहिणीत अडकतो, कधी हृदयाचे ठोके अनियमित झाल्यावर तयार झालेली गाठ तिथे जाते. आयसीयूत मात्र पुष्कळदा काहीच अडकलेलं नसतं, रोहिण्या नुसत्या आवळून बसलेल्या असतात. वय जास्त, मूत्रपिंडं कमजोर, पंपाचा वेळ लांबलेला, रक्तदाब टिकवायला नॉरअॅड्रिनलिनची मात्रा चढती, महारोहिणीत फुग्याचा पंप ठेवलेला, अशा पेशंटच्या पोटावर मी दर काही तासांनी स्वतः हात ठेवतो. कारण व्हेंटिलेटरवरचा माणूस ‘पोट दुखतंय’ असं सांगू शकत नाही. तो फक्त थोडा अस्वस्थ होतो, आणि आपण झोपेचं औषध वाढवतो. रक्तातला लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढू लागतो तो अॅड्रिनलिनमुळेही चढतो, तेव्हा त्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. मूत्रपिंडाला तपासणीसाठी टोचायचं रंगद्रव्य सोसेल की नाही या विचारात सीटी अँजिओग्राफीला उशीर झालेला मी पाहिलाय, आणि त्या उशिराची रुखरुख अजून आहे. आता शंका आली तर मी सीटीच्या बाजूने भांडतो. मूत्रपिंडाला डायलिसिस आहे, मेलेल्या आतड्याला तसं काही नाही.

तुमचे वडील या टप्प्याच्या पुढे आलेत, चालताहेत, बोलताहेत. घरी लक्ष ठेवायचं ते असं. पोट अचानक भयंकर दुखू लागलं आणि हात लावल्यावर मात्र ते मऊच लागतं, हा मेळ न बसणं हीच धोक्याची घंटा. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होते, तिला घाबरू नका. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची काळी शौच म्हणजे आत रक्तस्राव. गॅसही सुटत नाही आणि उलट्या होताहेत, उजव्या बरगडीखाली दुखून ताप येतोय, डोळे पिवळे दिसताहेत, तर त्याच दिवशी दाखवा. प्रतिजैविकांनंतर दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले तर ते थांबवणारी गोळी घरच्या घरी देऊ नका. प्रतिजैविकांनंतर आतड्यात माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूची तपासणी आधी व्हायला हवी. कोल्चिसिन (दाह कमी करणारं औषध) सुरू असेल तर जुलाब त्याचेही असू शकतात.

आणि एक फसवा प्रकार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मळमळ, पोट गच्च, भूक आधी थोडी सुधारून पुन्हा गेलेली, चालताना दम, नाडी जलद, असं चित्र दिसलं तर दोष पोटाचा नसूही शकतो. हृदयाभोवतीच्या आवरणात हळूहळू पाणी किंवा रक्त साठतं, उजवी बाजू दाबली जाते, यकृत फुगतं आणि तक्रार पोटाची येते. अशा एका पेशंटला पाच दिवस अॅसिडिटीची औषधं मिळाली होती. सहाव्या दिवशी छातीवर इकोचा प्रोब ठेवला, आणि अर्ध्या तासात आम्ही ते पाणी काढत होतो. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून जेवण मागितलं. त्यामुळे पुढच्या तपासणीला जाताना वडिलांची रोजची वजनं आणि भुकेची नोंद लिहून न्या, आणि दिवसात किलोभर वजन वाढलं किंवा वरचं चित्र जुळलं, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता इको करून घ्या.